ऑफ-रोड गाडीतली अ‍ॅल्युमिनियमची टाकी: आठ महिन्यांनंतर

पेट्रोलची मूळ टाकी गाडीच्या पोटाखाली लोंबत होती, दगडावर आपटणार हे उघड होतं. म्हणून ६० लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी बनवून घेतली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चासीच्या दोन रेलांमध्ये बसवली. केबिन आणि टाकी यांच्यामध्ये पत्र्याची बंद भिंत आहे. तिच्यात तडजोड नको.

पहिली चूक बसवण्यातच झाली. टाकीला वेल्ड केलेले कान सरळ चासीला बोल्टने आवळले होते. खडबडीत वाटेवर चासी पिळली जाते, आणि तो सगळा पीळ टाकीच्या जोडांवर येतो. तिसऱ्या महिन्यात एका कानाच्या मुळाशी ओलसर डाग दिसला: बारीक चीर. पेट्रोल भरून गेलेल्या टाकीला घरी वेल्डिंग कधीही करू नका. रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घेतलं. त्यानंतर टाकी लोखंडी पाळण्यात पट्ट्यांनी बांधली आणि पाळणा तीन ठिकाणी रबरी बुशांवर टेकवला. चीर पुन्हा आली नाही. पट्ट्यांखाली आधी नमदा घातला होता. त्यात चिखलाचं पाणी मुरून राहिलं आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरू लागली. आता जाड रबर आहे.

जास्त त्रास दिला तो चढाने. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर असताना उभ्या चढावर इंजिन धापा टाकायचं. टाकीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे आहेत, पण पेट्रोल ओढणारी नळी पुढच्या बाजूला, आणि चढावर पेट्रोल मागे जातं. पंपाने हवा ओढली की इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनचा दाब कोसळतो. उपाय म्हणून दोन लिटरची छोटी सर्ज टाकी लावली. कमी दाबाचा पंप ती सतत भरत राहतो, मुख्य पंप तिच्यातूनच ओढतो, जास्तीचं पेट्रोल मोठ्या टाकीत परततं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

टाकीत हवा ये-जा करणारी नळीही मी आधी खाली सोडली होती. टाकी तुडुंब भरून उतारावर उन्हात उभी केली की थेंब टपकायचे. आता ती भरणीच्या तोंडापेक्षा उंच नेली, टोकाला गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह लावला, आणि वरची थोडी जागा मी मुद्दाम रिकामी ठेवतो, कारण पेट्रोल तापलं की फुगतं.

पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीच्या आत फोम भरा असा सल्ला मिळाला होता. तो वर्षांनी विरतो आणि त्याचे कण फिल्टरमध्ये जातात, म्हणून टाळला.

टाकी उंच बसवल्याचा तोटा मात्र खरा आहे. भरलेलं पेट्रोल साधारण ४५ किलो, आणि आडव्या उतारावर ते जाणवतं. अशा वाटेवर मी टाकी अर्धीच ठेवतो.

प्रत्येक बोल्टवर मार्करची रेघ ओढली आहे; बोल्ट सैल झाला की ती सरकलेली दिसते. दर फेरीनंतर त्या बघतो. पाच महिन्यांत एकच रेघ सरकली, उजव्या मागच्या पट्टीची.