तरुण घडवायचेत: मे महिन्याचं शिबिर की दर आठवड्याचा तरुण संघ?

मे महिना जवळ आला की आमच्या भागातल्या बहुतेक मंडळ्यांमधे, म्हणजे गावोगावच्या चर्चमधे, एकच विषय निघतो, यंदा पोरांना ख्रिस्ती तरुणांच्या शिबिराला पाठवायचं का. पैसे तेवढेच असतात, पोरं पण तेवढीच, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी निम्मे म्हणतात शिबिराशिवाय तरुणांमधे जान येत नाही आणि निम्मे म्हणतात आधी आपला तरुण संघ नीट चालवा. मी दोन्ही करून बघितलंय. सहा वर्षं आमच्या मंडळीतलं तरुणांचं काम माझ्याकडं होतं, पहिली तीन वर्षं सगळा भर शिबिरावर ठेवला आणि नंतरची तीन आठवड्याच्या सभेवर. आमची नगर जिल्ह्यातली खेड्याची मंडळी, साठ-पासष्ट घरं, पाळकसाहेब एक आणि त्यांच्याकडं आणखी तीन गावं. त्यामुळं मी सांगतोय ते अशा मंडळीपुरतं धरा, पुण्या-मुंबईच्या मोठ्या चर्चचं गणित वेगळं असू शकतं.

आणि तरुण घडवायचे म्हणजे मंडळीचे उद्याचे पुढारी घडवायचे, पण पुढारी म्हणजे इथं पाळक वगैरे होऊन पूर्णवेळ सेवेत जाणारे नव्हेत. ज्याला ते बोलावणं आहे त्यानं सेमिनरीला, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाच्या कॉलेजला जावं, पुण्यात त्याची चांगली सोय आहे, तो प्रश्न निराळा. मी बोलतोय त्या पोरांबद्दल जी गावात राहणार, शेती, नोकरी, दुकान काहीतरी करणार, आणि दहा-पंधरा वर्षांनी तीच पंच होणार, शब्बाथशाळा, म्हणजे लहान मुलांचा रविवारचा बायबल वर्ग घेणार, कुणाच्या घरी दुःख झालं की पहिली जाऊन उभी राहणार.

शिबिराची बाजू आधी सांगतो आणि मनापासून सांगतो, कारण पहिली तीन वर्षं मीच त्याचा सगळ्यात मोठा समर्थक होतो. आपलं खेड्यातलं पोरगं कॉलेजच्या वर्गात एकटंच ख्रिस्ती असतं, नाव सांगितलं की चार प्रश्न येतात, हळूहळू ते रविवारचं कुणाशी बोलतच नाही. तेच पोरगं शिबिरात गेलं आणि दोन-तीनशे आपल्यासारखी पोरं एकत्र गाताना बघितली की त्याची मानच वर होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाईल तीन दिवस जमा असतो, पहाटे उठून बायबल वाचायची सवय लागते, चांगले शिकलेले वक्ते ऐकायला मिळतात जे आपल्या गावात कधी येणार नाहीत. आमची दोन पोरं गुटखा सोडून आली ती आजतागायत सुटलीत. हे सगळं आठवड्याच्या सभेत होत नाही, निदान एवढ्या लवकर तरी नाही. वर्षभर ज्या पोरानं तोंड उघडलं नाही ते शिबिरातून आल्यावर रविवारी उभं राहून साक्ष देतं आणि त्याची आई मागच्या बाकावर बसून रडत असते, तेव्हा खर्च झालेल्या पैशाचं कुणालाच काही वाटत नाही.

पण तिसऱ्या वर्षी एक गोष्ट झाली आणि माझं मन तिथं फिरलं.

आमचा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, हुशार, गिटार वाजवायचा. त्या वर्षी शिबिरातून सगळ्यात जास्त तोच भरून आला होता. शिबिर एका थंड हवेच्या ठिकाणी होतं, शिकवण सगळी इंग्रजीत आणि गाणी इंग्रजी-हिंदीत, कारण पोरं चार राज्यांतून आलेली, त्यांचाही नाइलाज असेल. आल्यावर दोन आठवड्यांनी वस्तीवरचे एक बाबा रात्री वारले. पाळकसाहेब दुसऱ्या गावी, यायला दोन-तीन तास लागणार होते, मयताभोवती घरचे आणि शेजारचे बसलेले, त्यात निम्मे लोक ख्रिस्ती नव्हते. मी त्या पोराला म्हणालो, बाळा तू प्रार्थना कर. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि 'लॉर्ड' म्हणाला, मग थांबला, मग हिंदीत दोन वाक्यं बोलला, परत थांबला. त्याला सांत्वन करायचं होतं, त्याच्या मनात ते होतंच, पण त्या घराच्या भाषेत त्याच्याकडं शब्दच नव्हते. शेवटी त्या बाबांच्या बायकोनंच, म्हणजे जिचं दुःख होतं त्या आजींनीच, बसल्या जागी ना. वा. टिळकांचा ख्रिस्ती अभंग धरला आणि बाकीच्या बायकांनी तो उचलला. त्यानंतर तो पोरगा चार महिने मंडळीत आला नाही. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, त्याची त्यालाच लाज वाटत होती आणि खरं तर चूक त्याची नव्हतीच, आम्ही त्याला तयारीच तशी दिली होती.

ही गोष्ट मला फार खुपली आणि अजून खुपते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं नगरला राहून जे अभंग आणि पदं लिहिली ती याचसाठी ना, की आपल्या माणसाला आपल्या चालीत देवाशी बोलता यावं. ती पदं अक्षरओळख नसलेल्या आजींना पाठ आहेत आणि बी.एस्सी.च्या पोराला त्यातलं एक कडवं येत नाही, आणि त्याच पोराला आम्ही उद्याचा पुढारी म्हणत होतो. पुढारी कुणाचा? ज्यांच्यापुढं उभं राहायचं त्यांची भाषा येत नसेल तर बाकीचं सगळं शिकून उपयोग कमी होतो असं मला वाटतं. बिशप व्ही. एस. अझरया यांचं उदाहरण मला इथं नेहमी आठवतं. माणूस तमिळ, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत बरीच वर्षं काढलेली, इंग्रजी उत्तम, १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत मिशनऱ्यांच्या तोंडावर सांगितलं की आम्हाला तुमची मैत्री हवी. पण तेलुगू मुलखातल्या डोर्नकलच्या खेड्यांत काम करायला गेले तर तेलुगू शिकले, आणि १९१२ साली पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाल्यावरही त्यांचा जीव त्या खेड्यातल्या मंडळ्यांतच राहिला. आणि आपली पोरं तर परप्रांतात पण जात नाहीयेत, घरचीच भाषा आहे.

सगळी शिबिरं अशी नसतात हे मान्य. मराठीतून चालणारी शिबिरंही आहेत आणि त्यातून फार चांगली पोरं निघालीत, तेव्हा माझ्या एका अनुभवावरून सरसकट काही ठरवू नका. पण मी ठरवलं.

आता तरुण संघाकडं येतो. आमचा संघ कागदावर होताच, नाताळात कॅरलला आणि ईस्टरच्या पहाटे तेवढा दिसायचा. आम्ही ख्रिश्चन एंडेव्हर या ख्रिस्ती तरुणांच्या जुन्या चळवळीची पद्धत परत बाहेर काढली. ज्यांच्या आजोबांनी ती केलीय त्यांना माहीत असेल. फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकानं १८८१ साली अमेरिकेत पोर्टलंडला ती सुरू केली, काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमधे, आणि आपलं नगरचं अमेरिकन मराठी मिशन त्याच परंपरेतलं. १९०९ साली तर त्यांचं जागतिक अधिवेशन आग्र्याला भरलं होतं, इतकी ती चळवळ आपल्याकडं रुजली होती. तिचा गाभा अगदी साधा आहे, सभेला आलेल्या प्रत्येकानं गाण्याशिवाय आणखी काहीतरी बोललंच पाहिजे, सभा चालवायची पाळी फिरती असते, कामं कमिट्यांमधे वाटलेली असतात, आणि महिन्यातून एकदा हजेरी घेतात तेव्हा नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणून भागत नाही, बायबलातलं एखादं वचन किंवा महिनाभरात स्वतःचं काय झालं ते एका वाक्यात सांगायचं.

आम्ही हेच केलं, फक्त मराठीत. पहिले दोन महिने फार जड गेले. पोरं 'पास' म्हणायची. मग कुणीतरी एक ओळ बोललं, मग दोन ओळी, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की जे पोरगं फक्त खुर्च्या लावायचं ते आता पाच मिनिटं वचनावर बोलतंय आणि मोठी माणसं बाहेर उभं राहून ऐकतायत. महिन्याला टिळकांचं एक पद पाठ करायचं, चाल मात्र गावातल्या म्हाताऱ्या माणसाकडूनच शिकून यायची असा नियम केला, त्यानं पोरं आपोआप म्हाताऱ्यांच्या घरात जायला लागली आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. बायबलातल्या प्रेषित पौलानं तरुण तीमथ्याला लुस्त्र गावातून बरोबर घेतलं आणि कामातच घडवलं हे आपण सांगतो, पण त्याच्या आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके होत्या, ते सांगायचं राहून जातं.

त्रास आहेत, लपवत नाही. त्याच त्या दहा-बारा तोंडांना दर आठवड्याला भेटायचं म्हणजे कंटाळा येतो, भांडणं होतात, दोन घरांचा बांधावरचा वाद सभेत येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं दिवाळीनंतर निघून जातात ती उन्हाळ्यातच परत, परीक्षेच्या दिवसांत तर आम्ही चार जण पण बसलोय. पंचांना पण सवय लावावी लागते, कारण पोरांच्या हातात खरंखुरं काही द्यायचं म्हटलं की मोठ्यांचा हात आखडतो. आम्ही संघाचं दान, वही आणि पेटीची किल्ली एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडं दिली तेव्हा मला दोन बैठका समजावत बसावं लागलं. हिशोबात एकदा चारशे रुपये कमी आले, पोरांनी रात्री बसून चूक शोधली, पुढच्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून सांगितली. एवढं मला शिबिरातल्या नेतृत्वाच्या तीन तासांच्या सेशनमधे कधी दिसलं नव्हतं.

मुलींचा मुद्दा तर वेगळाच. शिबिराला आमच्याकडून दहा पोरं गेली तर त्यात मुली दोन, कधी एकही नाही, आईबाप तीन रात्री बाहेर पाठवत नाहीत आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आमची सभा आधी शनिवारी संध्याकाळी होती तर तिथंही मुली येईनात. एका मुलीनंच सुचवलं की रविवारी उपासना झाल्या झाल्या ठेवा, सगळे तसेच थांबतील, आणि पुढच्या महिन्यात मुली पोरांपेक्षा जास्त झाल्या. आता सेक्रेटरी मुलगीच आहे, सभेचा वृत्तांत इतका नेटका लिहिते की पंचांनी आपली वही पण तिच्याकडं दिलीय. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुलींच्या हातात छापखाना दिला, त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या मुलींनी छापलं, म्हणजे काम देऊन माणूस घडवायचं हे आपल्या इथं फार आधी करून दाखवलेलं आहे.

वसईकडच्या माझ्या एका कॅथलिक मित्रानं अजून एक गोष्ट दिली ती पण सांगतो, त्यांच्या तरुणांच्या गटात बेल्जियमच्या कार्डाइन या धर्मगुरूंची पद्धत वापरतात, आधी पाहा, मग पारखा, मग कृती करा. नुसती चर्चा करून उठायचं नाही. आम्ही ती महिन्यातल्या एका सभेला लावली. पहिल्याच वेळी पोरांनी जे पाहिलं ते म्हणजे ऊसतोडीहून मधेच परत आलेल्या तीन लहान मुलांचे शाळेचे दाखले अडकलेत, आणि दोन पोरं आणि एक मुलगी हेडमास्तरांकडं चार चकरा मारून ते काम करून आली. त्या तीन घरांपैकी एकच घर आपल्या मंडळीतलं होतं.

तर ठरवायचं असेल तर माझं मत असं. तुमच्याकडं संघ नीट चालत असेल आणि वर हाताशी पैसे असतील तर शिबिर जरूर करा, पोरांना बाहेरचं जग दिसतं. पण दोन्हीतलं एकच शक्य असेल, आणि खेड्याच्या मंडळीत बहुतेक वेळा एकच शक्य असतं, तर मी तरी पैसे आणि माणूस दोन्ही आठवड्याच्या सभेकडं लावीन. शहरातली पोरं इंग्रजी माध्यमात शिकलेली असतील, घरीही मराठी कमी बोलत असतील, तर माझा भाषेचा मुद्दा तिथं तेवढा लागू होणार नाही, पण तुमच्या चर्चमधे मराठी उपासनेला येणारे म्हातारे लोक असतील तर त्यांच्याशी पोरं बोलतात का एवढं एकदा बघा.

आम्ही आता शिबिर पूर्ण बंद नाही केलं. वर्षभर संघात पाळी घेतलेल्या दोघांनाच पाठवतो, कायम जोडीनं, आणि आल्यावर पुढच्या तीन सभा त्यांनी घ्यायच्या, शिकलेलं सगळं मराठीत सांगायचं. नाव द्यायच्या आधी फोन करून विचारतो की गाणी कुठल्या भाषेत असतात आणि आपल्या पोरांना बोलायला वेळ देता का नुसतं ऐकवता. तो गिटारवाला पोरगा परत आला, गेल्या वर्षी त्यालाच पाठवलं होतं. मधल्या काळात त्या आजींकडून तो अभंग शिकला, आणि गेल्या पावसाळ्यात आजी गेल्या तेव्हा त्यांच्या घरी पाळकसाहेब पोचेपर्यंत तोच उभा होता.

सुरुवात करणार असाल तर जूनमधे करा, ऊसतोडीची घरं निघायच्या आधी पोरांना चार महिने सलग मिळतात, आणि वेळ रविवारी उपासना सुटल्या सुटल्याची ठेवा.