सी++ मध्ये लुआ बसवून आठ महिने: एका पॉपची किंमत

सी++ प्रोग्रामच्या पोटात लुआ या छोट्या स्क्रिप्ट-भाषेचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट थेट वाचून चालवणारा भाग) कसा बसवतात हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, म्हणून थेट नोव्हेंबरच्या त्या रात्रीवर येतो. पावणेबाराला नागपूरच्या कळमना मार्केटमधून फोन, "भाऊ, काट्यावर वजन दिसून राहिलं पण कॉम्प्युटरवर येऊनच नाही राहिलं." आंबिया बहार जोरात, संत्र्याच्या गाड्या रांगेत उभ्या, आणि मी हिंगणा रोडला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

माझा प्रोग्राम वजनकाट्याचं रीडिंग सिरियल पोर्टवरून घेतो, सेकंदाला १०, आणि दर रीडिंगला लुआचं एक फंक्शन बोलावतो. ते क्रेटचं वजन वजा करून दोन गोष्टी परत देतं, निव्वळ वजन आणि काटा स्थिर झाला की नाही. हे नियम मी मुद्दाम सी++ मध्ये ठेवले नाहीत, कारण दर अडत्याचे क्रेट वेगळे, हमाली वेगळी, तोलाई वेगळी. नियम बदलला की चार ओळींची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, कंपाइल नाही, पेट्रोल नाही. लुआ मुळात अशाच गरजेतून निघाली, १९९३ मध्ये रिओच्या विद्यापीठात, पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी, जिथं इंजिनिअरांना पूर्ण प्रोग्रामिंग न शिकता आपली माहिती आणि नियम लिहायचे होते.

त्याआधी पायथन बसवून पाहिलं होतं. भाषा मला जास्त येते, पण सोबत अख्खी स्टँडर्ड लायब्ररी न्यावी लागते, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या शेठजींचं जुनं ४ जीबीचं मशीन काही ते बदलणार नव्हते, मीही बदला म्हणालो नसतो. लुआ माझ्या एक्झीमध्येच कंपाइल होते, लायसन्स एमआयटी, एक रुपया नाही.

तर एरर होता "स्टॅक ओव्हरफ्लो", म्हणजे स्टॅक भरून वाहिला. स्टॅक म्हणजे खान्यांची चळत, जिच्यावरून सी++ आणि लुआ एकमेकांना किमती (व्हॅल्यू) देतात. मला वाटलं स्क्रिप्टमध्ये कुठंतरी फंक्शन स्वतःलाच बोलावत असेल, रात्रभर तेच शोधलं, ४० ओळींची स्क्रिप्ट, काहीच नाही. प्रोग्राम बंद करून सुरू केला की चालते. बुधवारी पहाटे पावणेचारला पुन्हा तेच. त्या दिवशी मी ठरवूनच टाकलं होतं की लुआ काढायची आणि नियम परत सी++ मध्ये टाकायचे, इतका वैतागलो होतो.

मग अंतर मोजलं. रविवारी रात्री आठला सुरू, सोमवारी पावणेबाराला बंद. बाराला सुरू, बुधवारी पावणेचारला बंद. दोन्ही वेळा पावणेअठ्ठावीस तास, म्हणजे सेकंदाला १० प्रमाणे १० लाख रीडिंग, आणि लुआ ५.४ मध्ये स्टॅकची मर्यादा बरोबर १० लाख खाने. फंक्शन दोन किमती परत देत होतं आणि मी पॉप, म्हणजे स्टॅकवरून काढून टाकणं, एकाच किमतीचं करत होतो. दर रीडिंगला एक किंमत स्टॅकवर साचत गेली. मार्चपासून हे दिसलं नाही कारण रात्री मशीन बंद व्हायचं, सीझनमध्येच ते रात्रंदिवस सुरू राहिलं. मेमरीतही कळलं नसतं, १६ बाइटचा एक खाना, १० लाख झाले तरी १६ एमबी.

आता माझी खरी तक्रार, आणि यावर मी कितीही बोलू शकतो. लुआचं मॅन्युअल सांगतं की सी कडून स्टॅकवर किमती ढकलताना २० मोकळ्या खान्यांचीच हमी आहे, त्यापुढं जागा आधी मागून घ्यायची. म्हणजे माझी चूक दोन-तीन सेकंदांतच पकडता येत होती. लुआ_यूज_एपीआयचेक नावाचा मॅक्रो (कंपाइल करताना लावायचा स्विच) लावून कंपाइल केलं की प्रोग्राम तिथल्या तिथं थांबतो, मी घरी करून पाहिलं, थांबला. पण तो मुळात बंद असतो! वेगासाठी बंद ठेवतात हे समजतं, पण नवीन माणसासाठी ही गोष्ट पहिल्या पानावर ठळक लिहायला पाहिजे. २० वर कळायचं ते मला १० लाखावर कळलं, तेही गाड्या उभ्या असताना.

तरी लुआ काढली नाही. कारण दुरुस्ती एका आकड्याची निघाली, पॉपमध्ये १ चे २. पायथन बसवलं की कोणती वस्तू कोणाच्या मालकीची याचा हिशोब आपणच ठेवायचा: लिस्टमधून वस्तू काढली तर एक फंक्शन उसनी देतं, दुसरं मालकीची देतं, टपलमध्ये टाकली तर टपल मालकी स्वतःकडं घेतं, डिक्शनरी घेत नाही, आणि हिशोब चुकला की बोंब भलतीकडंच होते. लुआत एकच स्टॅक, गेटटॉप या फंक्शननं त्याची उंची विचारायची, आधी आणि नंतर सारखी पाहिजे, बस. मॅन्युअलमध्ये दर फंक्शनपुढं किती काढतं किती टाकतं तेही चौकटी कंसात दिलं आहे, मी ते आठ महिने वाचतच नव्हतो.

बाकी एक लहान त्रास, ५.३ पासून पूर्णांक वेगळे झाले त्यामुळं भागाकार केला की पावतीवर २४०.० छापून येतं, फॉरमॅट स्वतः द्यावा लागतो.

परवा कळमन्याला गेलो होतो. प्रोग्राम १९ दिवसांपासून बंद केलेला नाही, गेटटॉप शून्य. शेठजींनी नवीन क्रेटचं वजन स्वतःच फाइलीत बदललं होतं, मला फोनसुद्धा केला नाही.