आठ इंची न्यूटोनियन की आठ इंची एससीटी? क्वेसार आणि लांबच्या दीर्घिका टिपणाऱ्यांसाठी

प्रश्न साधारण असा असतो: माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारा आधार) आहे, थंड करता येणारा कॅमेरा आहे, छोट्या अपवर्तकावर, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीवर, हात बसला आहे. आता क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकांचे झळझळीत गाभे) आणि लांबचे दीर्घिकासमूह खुणावतायत. मग आठ इंची एफ/५ (फोकल लेंथ व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियन, म्हणजे साधी आरशाची दुर्बीण, घ्यावी की आठ इंची एफ/१० श्मिट-कॅसेग्रेन, म्हणजे तोंडाशी काचेची करेक्टर प्लेट असलेली आखूड एससीटी? दोन्ही वापरून मी न्यूटोनियनवर स्थिरावलो आहे, तेव्हा पुढचं त्या हिशेबानेच वाचावं. पण एससीटीची बाजू कच्ची नाही, म्हणून आधी तीच.

एससीटीची नळी सहा किलोच्या आतबाहेर, लांबी जेमतेम दीड फूट. न्यूटोनियन रिंगांसकट दहा किलोच्या घरात आणि जवळजवळ मीटरभर लांब. एचईक्यू५ वर्गाचं माउंट कागदावर तेरा-चौदा किलो पेलतं, पण फोटोग्राफीसाठी त्याच्या दोनतृतीयांशवर थांबावं लागतं, म्हणजे नऊ किलो. त्यात कॅमेरा, गाइडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा) आणि केबल धरल्यावर न्यूटोनियन बसत नाही. माउंट एक पायरी वरचं लागतं आणि तो खर्च दुर्बिणीच्या किमतीत धरलेला नसतो. शिवाय गच्चीवर वारा असेल तर ती लांब नळी शिडासारखी वागते. वाऱ्याच्या एका झोताने गाइडिंगचा आलेख उसळला की ती फ्रेम टाकून द्यायची.

आता एफ/१० आणि एफ/५ चा घोळ. 'एफ/१० मंद' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा १००० मिमीच्या न्यूटोनियनवर ०.७८ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक) प्रति पिक्सेल देतो. तोच कॅमेरा २०३२ मिमीच्या एससीटीवर २×२ बिन केला, म्हणजे चार पिक्सेलचा एक धरला, तर ०.७६. व्यास सारखा, एका पिक्सेलवर येणारा आकाशाचा तुकडाही सारखा, म्हणजे तासाभरात जमणारे फोटॉनही जवळपास तेवढेच. तपशीलही दोन्हीकडे सारखाच मिळतो. आपल्याकडे सीइंग, म्हणजे हवेच्या थरथरीने पसरलेल्या ताऱ्याची रुंदी, बहुतेक रात्री दोन-तीन आर्कसेकंदांच्या खाली येत नाही, त्यामुळे ज्यादा फोकल लेंथ वाया जाते.

फरक पडतो तो रीड नॉइजमध्ये, म्हणजे पिक्सेल वाचताना कॅमेराच मिसळतो त्या खरखरीत. सीमॉस कॅमेऱ्यात बिनिंग नंतर, गणिताने होतं, त्यामुळे चार पिक्सेलचा रीड नॉइज एकत्र येऊन दुप्पट होतो. तो आकाशाच्या उजेडाखाली गाडायचा तर फ्रेम चौपट लांब हवी. शहराच्या कडेला न्यूटोनियनवर मिनिटभराची फ्रेम पुरत असेल, तर एससीटीवर चार मिनिटांची घ्यावी लागते. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण माझ्यासाठी निवडीचा काटा इथूनच कलायला लागला.

एससीटीत फोकस करताना मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो. तो मधल्या बॅफल नळीवर, ग्रीसच्या थरावर बसलेला असतो आणि त्याला ढकलणारा स्क्रू असतो एका बाजूला. त्यामुळे आरशाला किंचित कलायला जागा उरते. रात्रभर दुर्बिणीचा रोख बदलतो, आरशाचं वजन वेगळ्या बाजूला पडतं आणि तो हळूच जागा सोडतो. नळीच्या पाठीवर बसवलेल्या गाइड स्कोपला (गाइडरच्या छोट्या दुर्बिणीला) याचा पत्ताच नसतो. पीएचडी२ या गाइडिंगच्या सॉफ्टवेअरचा आलेख ०.७ आर्कसेकंदावर शांत, आणि चार मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे अंड्याच्या आकाराचे! मध्यरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून माउंट उलटलं की आरसा एकदम बसतो, फोकसही हलतो, आणि ते लक्षात येईपर्यंत तास गेलेला असतो.

दोष आरशाचाच आहे की ट्रॅकिंगचा, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. डिदरिंग (फ्रेमांच्या मधे दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) बंद करून एकाच जागेच्या दहा-पंधरा फ्रेम घ्याव्यात आणि पहिली नि शेवटची एकमेकींवर ठेवावी. गाइडिंग चांगलं असूनही तारे एकाच दिशेने सरकत गेले असतील आणि मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखेच ताणलेले असतील, तर गाइड स्कोप आणि मुख्य नळी यांच्यात कुठेतरी सैलपणा आहे. गाइड स्कोपचे स्क्रू घट्ट करूनही फरक पडला नाही, तर संशय आरशावरच. फोकसची शेवटची फेरी नेहमी घड्याळाच्या उलट, म्हणजे आरसा वर ढकलत संपवली तर त्रास कमी होतो. जात मात्र नाही.

यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: ऑफ-अ‍ॅक्सिस गाइडर लावा. उत्तर बरोबर आहे, कारण मग गाइड कॅमेरा त्याच आरशातून बघतो. पण क्वेसार आणि लांबच्या दीर्घिका दिसतात कुठे? आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर. कन्या, अरुंधती केश, सप्तर्षी या भागांत आपले तारे विरळ आहेत, म्हणूनच तर पलीकडचं दिसतं. ४.८×३.६ मिमीच्या गाइड सेन्सरला २०३२ मिमीवर फक्त आठ बाय सहा आर्कमिनिटांचं आकाश मिळतं. त्यात कामाचा एक तारा सापडला तर सापडला, नाहीतर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे फ्लॅट (एकसारख्या उजेडावर घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम) पुन्हा घ्यायचे. तोच सेन्सर २४० मिमीच्या गाइड स्कोपवर अंशभराहून रुंद आकाश बघतो आणि त्यात दहाबारा तारे सहज असतात. न्यूटोनियनचा आरसा फोकससाठी हलत नाही, त्यामुळे तिथे साधा गाइड स्कोप पुरतो.

०.६३ चा रिड्यूसर (फोकल लेंथ घटवणारं भिंग) लावला की हे बरंच सौम्य होतं, हे कबूल. १२८० मिमी, ०.६१ आर्कसेकंद, फ्रेम दीड-पावणेदोन मिनिटांवर येते. रिड्यूसरपासून सेन्सरचं अंतर मात्र १०५ मिमी सांभाळावं लागतं. आरसा आवळून धरण्याची सोय असलेली एससीटी मिळत असेल, तर माझा अर्धा आक्षेप मागे.

न्यूटोनियनही काही साधीभोळी नाही. एफ/५ ला कॉलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) प्रत्येक मांडणीनंतर तपासावं लागतं. आधी दुय्यम आरसा, मग मुख्य, शेवटी कुलुपाचे स्क्रू. ते आवळताना आरसा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा बघायचं. कोमा करेक्टरपासून (कडेच्या ताऱ्यांची शेपटी घालवणाऱ्या भिंगापासून) सेन्सर बहुधा ५५ मिमीवर लागतो. एखादा मिलिमीटर चुकला तरी कोपऱ्यातले तारे सांगतात. फोकसरचा ताण सैल असेल तर कॅमेऱ्याच्या वजनाने तो झुकतो, आणि मग एससीटीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुख्य आरशाच्या मागची बाजू उघडी असते. तिथून शेजारच्या खिडकीचा उजेड आत येतो आणि फ्लॅट जुळेनासे होतात. काळी शॉवर कॅप घातली की काम भागतं, फक्त मागे थंड करणारा पंखा चालू असेल तोवर ती काढून ठेवावी.

दवाबद्दल थोडक्यात. पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत एससीटीची करेक्टर प्लेट हीटरच्या पट्ट्याशिवाय टिकत नाही. न्यूटोनियनचा आरसा नळीच्या तळाशी असल्याने बहुधा कोरडा राहतो. पण क्वेसारचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा हवा कोरडी असते, म्हणून या मुद्द्याला मी फार वजन देत नाही. त्या महिन्यांत त्रास होतो तो तापलेल्या स्लॅबचा. शक्य असेल तर तिपाई मातीवर मांडावी.

कोणतीही नळी घेतलीत तरी ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे फक्त दोन अरुंद पट्टे सोडणारा) यासाठी नको. दीर्घिकांचा उजेड बव्हंशी ताऱ्यांचा, सगळ्या तरंगलांबींचा असतो. हायड्रोजनची रेषा धरायची म्हटलं, तरी ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ती सुमारे साडेसात कोटी प्रकाशवर्षांपलीकडे ताम्रसृतीमुळे, म्हणजे दूरचा प्रकाश तांबड्याकडे सरकल्यामुळे, निसटते.

पहिलं लक्ष्य म्हणून ३सी २७३ ठीक आहे. दृश्यप्रत १२.९, प्रकाश सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वीचा, आणि पुण्याहून तो मध्यरेषेवर ७३ अंश उंच येतो. पण दुर्बिणीची परीक्षा घेतो सप्तर्षीतला जुळा क्वेसार, क्यू०९५७+५६१. १९७९ मध्ये सापडलेलं हे पहिलं गुरुत्वीय भिंग, म्हणजे मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने वाकलेला प्रकाश: एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा, साधारण सतराव्या प्रतीच्या, ६ आर्कसेकंद अंतरावर, प्रकाश सुमारे ९ अब्ज वर्षांपूर्वीचा. न्यूटोनियनवर हे अंतर आठ पिक्सेल भरतं, रिड्यूसर लावलेल्या एससीटीवर दहा. सीइंग ३ आर्कसेकंद असलं तरी दोन्हीकडे दोन ठिपके सुटे दिसतात, फक्त तारे गोल हवेत. अंडाकृती ताऱ्यांत ते एकमेकांत मिसळतात. शेजारची एनजीसी ३०७९ दीर्घिका १००० मिमीवर याच चौकटीत ऐसपैस बसते, २०३२ मिमीवर कडेला चिकटते.

माउंट एचईक्यू५ वरच थांबणार असेल, तर मी तरीही एससीटीकडे वळण्याआधी सहा इंची एफ/५ न्यूटोनियनचा विचार करेन. ७५० मिमी, सुमारे एक आर्कसेकंद प्रति पिक्सेल, जुळ्या क्वेसारमध्ये सहा पिक्सेलचं अंतर. आठ इंचीवर तीन तासांत होणारं काम तिच्यावर सव्वापाच-साडेपाच तास घेईल, म्हणजे एकाऐवजी दोन रात्री.