कुत्रीची नसबंदी आणि तिचा स्वभाव: करून घ्यावी की राहू द्यावी?

घरच्या कुत्रीची नसबंदी करावी, म्हणजे तिची अंडाशये काढून घ्यावीत की नाही, याची वैद्यकीय बाजू फोंड्यातला किंवा म्हापशातला कोणताही पशुवैद्य थोडक्यात समजावून देतो. निर्णय अडतो तो बहुधा दुसऱ्याच शंकांवर. शस्त्रक्रियेनंतर ती सुस्त होईल का, राखण सोडून देईल का, अंगचटीला येणे थांबवील का, की उलट चिडकी होईल? आमच्याकडची चंपा ही गावठी कुत्री काही वर्षे तशीच राहिली आणि पुढे तिची नसबंदी झाली. सांखळीला माझ्या बहिणीकडे असलेल्या लॅब्राडोर कुत्रीची शस्त्रक्रिया मात्र पहिल्या माजाच्या आधीच उरकली होती. दोन कुत्र्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. तरीही ज्यांना हा निर्णय लवकरच घ्यायचा आहे, त्यांना जवळून पाहिलेल्या गोष्टींचा काही उपयोग व्हावा.

नसबंदी न केलेली कुत्री तिच्या मूळ स्वभावात राहते आणि शस्त्रक्रिया तो स्वभाव बदलते, असे आपण गृहीत धरून चालतो. या गृहीतकाचा पहिला भागच मला पटत नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो. त्यानंतर गर्भ राहिलेला असो वा नसो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण जवळजवळ दोन महिने चढे राहते, आणि ते उतरू लागले की दूध उतरवणारे प्रोलॅक्टिन वाढते. म्हणजे वर्षातला बराच काळ तिचे शरीर गाभण कुत्रीसारखे वागत असते. अशा कुत्रीचा मूळ स्वभाव नेमका कोणत्या महिन्यातला धरायचा?

माजाच्या तीन आठवड्यांतला उपद्रव सर्वांच्या परिचयाचा आहे. वाड्यावरचे सगळे कुत्रे गडग्याबाहेर येऊन बसतात, रात्रभर भांडतात, आणि चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा त्यांना अडवू शकत नाही. हा त्रास मोठा असला तरी त्याला मुदत असते, आणि कुत्रीला घरात कोंडून तो निभावता येतो. केवळ तेवढ्यासाठी मी शस्त्रक्रियेचा विचार केला नसता.

मला निर्णयाप्रत आणले ते त्याच्या पुढच्या टप्प्याने, म्हणजे खोट्या गर्भधारणेने. माज सरून दीड-दोन महिने झाले की चंपा सोप्याखालच्या कोपऱ्यात माती उकरायला सुरुवात करी. तिथे ती धाकट्या मुलाची एक रबरी चप्पल आणि नारळाच्या सोडणाचा एक तुकडा नेऊन ठेवी, दोन्ही पोटाशी घेऊन निजे आणि मधूनच सोडण चाटत राही. आचळांना दूध येई, जेवण निम्म्यावर येई. इथवर कौतुकाने पाहण्यासारखेच होते. परंतु एरवी ज्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकून ती शेपूट हलवत फाटकापर्यंत धावे, त्याच पोदेराने उंड्याची पिशवी सोप्यावर ठेवायला हात पुढे केला की ती खालून दात दाखवी. मुलाने स्वतःची चप्पल मागितली तर त्याच्यावरही गुरगुरे. कोणाला चावली नाही, हे आमचे नशीब. दोन-तीन आठवड्यांत सगळे ओसरे आणि जुनी चंपा परत येई. पुढच्या माजानंतर पुन्हा तेच. पशुवैद्याने दूध आटवणारे कॅबरगोलीन हे औषध दिले होते, त्याचा गुणही आला, पण दर खेपेस औषध देऊन हा फेरा काही थांबणारा नव्हता.

प्रत्येक कुत्रीला हा त्रास इतका होतो असे नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. काहींमध्ये थोडे दूध येण्यापलीकडे काही दिसत नाही. आपल्या कुत्रीच्या बाबतीत असे असेल, आवार खरोखर बंदिस्त असेल आणि माजाच्या दिवसांत तिच्यावर लक्ष ठेवायला घरात माणूस असेल, तर तिला तशीच ठेवण्यात स्वभावाच्या दृष्टीने काही गैर आहे असे मी म्हणणार नाही. मात्र शेजारच्या काकी सांगत तसे ‘एकदा तरी पिल्ले होऊ देत, मग शांत होईल’ या कारणासाठी थांबू नये. एका वेतामुळे स्वभाव निवळतो, याला वैद्यकीय आधार नाही, आणि त्या पिल्लांतल्या माद्या शेवटी मासळी बाजारामागे कशा सापडतात, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

नसबंदीनंतर चंपामध्ये काय बदलले, याचे उत्तर तसे थोडक्यात संपते. सोप्याखालचे उकरणे थांबले आणि वर्षभर ती एकसारखी राहू लागली. अनोळखी माणसावर भुंकणे, साप दिसला की ठरावीक आवाजात हाका मारणे, चतुर्थीला पाहुण्यांनी घर भरले की माडीच्या जिन्याखाली जाऊन बसणे, हे सगळे पूर्वीसारखेच चालू आहे. राखणदारीची काळजी असणाऱ्यांनी आपल्याच गल्लीत पाहावे. प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम २००१ साली आले, २०२३ साली ते नव्याने झाले, आणि या काळात गोव्यातल्या असंख्य रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली. कानाला खूण केलेल्या त्या माद्या आपली हद्द किती कसोशीने राखतात, ते रात्री दुचाकीवरून परतणाऱ्या कोणालाही विचारावे. मादीची राखण ही मुळात अंडाशयावर अवलंबून असलेली वर्तणूक नव्हे.

तथापि दुसरी बाजूही गंभीर आहे आणि ती लपवू नये. १९९० साली ब्रिटनमध्ये ओ’फॅरेल आणि पीची यांनी केलेल्या अभ्यासात नसबंदी केलेल्या काही कुत्र्यांमध्ये घरच्या माणसांवरचा आक्रमकपणा वाढलेला आढळला, विशेषतः वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या आणि आधीपासूनच चिडक्या असलेल्या माद्यांमध्ये. पुढे मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन झालेल्या काही अभ्यासांतही नसबंदी झालेल्या माद्या किंचित अधिक भित्र्या किंवा स्पर्शाला बुजणाऱ्या दिसल्या. त्यामागचे एक संभाव्य कारण असे की प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारे एक द्रव्य मेंदूला शांत ठेवते आणि अंडाशयांबरोबर तो आधार जातो. अशा अभ्यासांची एक अडचणही लक्षात ठेवावी लागते: कोणत्या कुत्रीची नसबंदी होते आणि कोणतीची नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. जिचा त्रास होतो तिलाच बहुधा दवाखान्यात नेले जाते.

बहिणीची लॅब्राडोर पिल्लू असतानाच बुजरी होती. फटाके, कुकरची शिट्टी, पत्र्यावरचा पहिला पाऊस, कशानेही ती पलंगाखाली शिरे. शस्त्रक्रियेनंतर तो बुजरेपणा कमी झाला नाही, उलट थोडा पक्का झाला, असे बहिणीला वाटते. मला वाटते, ती तशीही तशीच राहिली असती. पण हे सिद्ध करणे दोघांनाही शक्य नाही. एवढे मात्र मी म्हणेन की मुळात भित्र्या असलेल्या कुत्रीची घाईने, कोवळ्या वयात नसबंदी करू नये. लॅब्राडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींना तर सांध्यांच्या दृष्टीनेही थोडे थांबणे मानवते.

आरोग्याचे पारडे, माझ्या मते, नसबंदीकडे झुकते. गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, प्राणघातक ठरू शकतो. स्वीडनमधील विमा नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला तो दहा वर्षांच्या आत होतो. स्तनांच्या गाठींबाबत १९६९ सालचे आकडे नेहमी सांगितले जातात: नसबंदी न झालेल्या मादीचा धोका शंभर टक्के धरला, तर पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास तो अर्ध्या टक्क्यावर, पहिल्यानंतर ८ टक्क्यांवर आणि दुसऱ्यानंतर २६ टक्क्यांवर येतो. पण २०१२ साली ब्रिटिश संशोधकांनी घेतलेल्या आढाव्यात हा पुरावा वाटतो तितका भक्कम नसल्याचे दिसून आले, त्यामुळे केवळ त्या आकड्यांच्या भीतीने पिल्लाला टेबलावर चढवू नये. नसबंदीनंतर काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. त्यावर बहुधा औषध लागू पडते.

लोक ज्याला सुस्ती म्हणतात ती पुष्कळदा वजनाची असते. शस्त्रक्रियेनंतर शरीराची उष्मांकांची गरज पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने कमी होते, भूक मात्र वाढते, आणि आपल्या घरांत उरलेला भात व बांगड्याची डोकी कुत्र्याच्या थाळीत पडायचे काही थांबत नाही. चंपाचा भात आम्ही पहिल्या आठवड्यापासून कमी केला, आणि ती अजून गडग्यावरून उडी मारते.

तेव्हा माझा कल, कुत्री धीट आणि निरोगी असेल तर, एक माज होऊ देऊन मग नसबंदी करून घेण्याकडे आहे. भित्रीला आणखी वेळ द्यावा. वेळ साधण्याला मात्र फार महत्त्व आहे. माज सुरू झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी, आचळांत दूध नाही याची खात्री करूनच तारीख घ्यावी. खोटी गर्भधारणा चालू असताना अंडाशये काढली तर प्रोजेस्टेरॉन एकदम घसरते आणि ती अवस्था तशीच लांबत राहू शकते. शस्त्रक्रियेने कुत्री चिडकी झाली, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या काहींचे मूळ इथे असावे, असा माझा कयास आहे. आपल्याकडे गोचिडतापाचे प्रमाण मोठे आहे आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरतात, म्हणून कुत्री वरून ठणठणीत दिसली तरी आधी रक्ततपासणी करून घ्यावी. जून ते सप्टेंबर शक्यतो टाळावा, कारण टाके कोरडे ठेवायचे ते दिवस तिला पावसात अंगणात सोडता येत नाही आणि घरात ती थांबत नाही. आणि काही महिन्यांनी ती पुन्हा माजावर आल्यासारखी वागू लागली, तर स्वभावाला बोल लावण्यापूर्वी अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.