पुरातून निघालेली सायकल: घरी खोलायची, मिस्त्रीकडे द्यायची की सोडून द्यायची?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या जिन्याखाली दोन सायकली होत्या. एक वडिलांची बावीस इंची काळी, दुसरी पुतणीची एकवीस गिअरची, ॲल्युमिनियमची. दोन्ही आठवडाभर पाण्याखाली राहिल्या. पाणी उतरल्यावर काळी सायकल बघवत नव्हती. रिमवर तांबूस गंजाची साय, चेन काठीसारखी ताठ, सीटमधून गटाराचा वास. गिअरची मात्र नळीखाली धरली आणि चकचकीत झाली. म्हणून आम्ही काळी भंगारात द्यायला निघालो आणि गिअरवालीच्या चेनला तेल सोडून ती पुतणीला चालवायला दिली.

दिवाळीनंतर गिअरवालीची बीबी, म्हणजे दोन पायडलांमधला बेअरिंगवाला एक्सल, करकरायला लागली, आणि मार्गशीर्षात मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, जाम झाला. काळी सायकल शेजारच्या काकांनी हट्टाने खोलायला लावली, ती आजही मंडईत जाते.

दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं, सायकल बुडाली, काय करू? माझा पहिला प्रश्न एकच असतो: बेअरिंगचे छर्रे (ज्यांवर चाक फिरतं त्या बारीक गोळ्या) सुटे आहेत की सीलबंद? रंग, गंज, किंमत हे सगळं त्याच्या नंतर.

आधी दोन दिवसांचं काम, निर्णय काहीही असो

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाण्याखाली हवा कमी, त्यामुळे तिथे गंज हळू चढतो. खरा गंज पाणी उतरल्यावर चढतो, कारण तेव्हा चिखलाचा ओला थर अंगाला चिकटलेला असतो आणि हवाही भरपूर मिळते. त्यात आमच्या नदीकाठचा काळा गाळ पिठासारखा बारीक. तो छर्‍यांच्या वाटीत शिरून वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून ‘उन्हात ठेवू, वाळली की बघू’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. गाळ ओला आहे तोवर धुवा.

धुताना हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, आणि हातावर चीर असेल तर लेप्टोची (त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी आहे. विमा असेल तर धुण्याआधी फोटो काढा. पाणी साध्या नळीचंच मारा. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा सील आणि कपांच्या फटींतून गाळ आणखी आत ढकलतो. सीटचा दांडा किती उंच होता तिथे चिकटपट्टी लावून खूण करा, दांडा काढा आणि सायकल उलटी टांगा. फ्रेमच्या नळ्यांतून किती पाणी निघतं ते बघून तुम्हाला धक्का बसेल. टायर-ट्यूबही काढा, कारण रिमच्या आतही पाणी साचतं.

मग चेनला आणि उघड्या नटबोल्टांना डब्ल्यूडी-४० मारा. या नावातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच पाणी हटवणं असा आहे. ते वंगण म्हणून टिकत नाही, पण दोन-चार दिवस निभावून नेतं. डिस्क ब्रेकच्या चकतीजवळ मात्र ते अजिबात नेऊ नका.

इतकं केलंत की निर्णयाला आठवडाभराची सवड मिळते.

काळी सायकल आणि गिअरची सायकल

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीत सगळीकडे कप (छर्‍यांची वाटी), कोन (छर्रे जागेवर धरणारा निमुळता नट) आणि सुटे छर्रे असतात. दोन्ही हब, बीबी, हँडलची वाटी, पायडल, काहीही खोला, छर्रे ओघळून हातात येतात. पाणी आत सहज शिरतं, हा दोष. पण सगळं खोलता, धुता, ग्रीस भरून परत बसवता येतं, आणि पुरानंतर हाच गुण कामाला येतो. छर्रे खडबडीत झाले असतील तर नवे घाला, ते अगदी स्वस्त असतात. कोनावर खड्डे पडले असतील तर कोनही सुटा मिळतो. काढताना प्रत्येक बाजूचे छर्रे मोजून वेगळ्या वाटीत ठेवा. बहुतेक हबांत मागे पाव इंची छर्रे प्रत्येक बाजूला ९ आणि पुढे ३/१६ इंची १० असतात, तरी तुमच्या सायकलीतून निघतील तेच खरे.

गिअरच्या सायकलीत, निदान मधल्या आणि वरच्या किमतीच्या, बेअरिंग सीलबंद असतं. लोकांना वाटतं सीलबंद म्हणजे पाणी शिरणार नाही. ते रबरी सील पावसाचे शिंतोडे आणि धूळ अडवायला असतं. आठवडाभर डोक्यावर पाच-सात फूट पाणी उभं राहिलं की ते हार मानतं, आणि नंतर आत शिरलेलं पाणी तेच सील बाहेर पडू देत नाही. आमच्या गिअरवालीचं हेच झालं. बाहेरून कोरडी, आत गाळाचा लगदा.

सीलबंद बेअरिंग असलं तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि बदला. सीलवर नंबर कोरलेला असतो, ६००१ किंवा ६९०२ असा काहीतरी. तो घेऊन सायकलच्या दुकानाऐवजी मोटारपंपांचं सामान मिळतं तिथल्या बेअरिंगच्या दुकानात जा. तेच माप तिथे निवड करून घेता येतं. चौकोनी एक्सलची सीलबंद बीबी मात्र अख्खीच बदलावी लागते. सुई घालून सील उचकटून आत ग्रीस कोंबणारे लोक आहेत. भिजल्यावर लगेच केलं तर त्याने काही महिने निघतात. आठवडाभर बुडालेल्या बेअरिंगवर मी ती मेहनत घेणार नाही.

स्वस्तातल्या बऱ्याच गिअरच्या सायकलींत हब सुट्या छर्‍यांचे आणि बीबी तेवढी सीलबंद असते. तेव्हा ‘गिअरची आहे’ एवढ्यावर ठरवू नका. चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. खरखर जाणवली तर आत गाळ आहेच. गुळगुळीत फिरला तरी सुट्या छर्‍यांचा हब उघडून बघाच.

केबलीबद्दल दोन्हीकडे एकच सांगणं, आतली तार आणि बाहेरचं कव्हर दोन्ही नवं घाला. फोमची सीट आणि डिस्क ब्रेकची पॅडंही टाकून द्या. पुराच्या पाण्यावर डिझेल-ऑइलचा तवंग असतो, आणि तो पॅडात मुरला की ब्रेक नीट लागत नाही.

घरी की मिस्त्रीकडे?

काळ्या सायकलीसाठी लागतं ते असं: दोन-तीन पाने, हातोडी, लाकडाचा ठोकळा, ग्रीसचा डबा आणि धुवायला थोडं डिझेल. रॉकेल आता कुठे मिळतं! अडचण फक्त कॉटर पिनची, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलवर अडकवणाऱ्या खिळीची, येते. नट थोडा सैल करा, क्रँकखाली ठोकळ्याचा आधार द्या आणि मग एकच जोरदार घाव घाला. भीत भीत दहा टोले मारले की आटे चेपतात आणि पिन वाकते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे न कळल्याने जोर लावून आटे खाल्लेले लोक मी पाहिलेत. रविवारचा एक दिवस आणि मदतीला घरातलं एखादं पोर असेल तर ही सायकल घरीच खोला, असं मी मनापासून सांगेन.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, घरी उघडू नका. आतले टकटक वाजणारे खटके आणि बारीक छर्रे परत बसवणं नवख्याचं काम नाही. चाक आडवं ठेवून फटीतून डिझेल ओता, उलटं फिरवा, खालून स्वच्छ डिझेल येईपर्यंत हेच करत राहा. मग पातळ तेल सोडा. घट्ट ग्रीस घातलं तर खटके चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं.

गिअरच्या सायकलीचा हिशेब उलटा आहे. क्रँक काढायचा पुलर, बीबीचा पाना, कॅसेट किंवा फ्रीव्हीलचा पाना, कोनाचे पातळ पाने, ही हत्यारं एका सायकलीसाठी घेतली तर मिस्त्रीच्या मजुरीपेक्षा महाग पडतात. सोसायटीत चार-पाच सायकली बुडाल्या असतील तर वर्गणी काढून घ्या, लगेच परवडतं. एकच असेल तर मिस्त्रीकडे द्या.

पण देताना शब्द नीट वापरा. ‘सर्व्हिसिंग’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी धुणं, तेल, ब्रेक आणि हवा एवढंच होतं. तुम्हाला हवंय ते ‘ओव्हरऑइल’, म्हणजे सगळं खोलून, धुऊन, ग्रीस भरून परत जोडणं. बीबी आणि हब उघडल्यावर मला बोलवा, असं आधीच सांगा. आम्ही ज्या दुकानात पुतणीची सायकल दिली तिथे सर्व्हिसिंगच झालं होतं. चूक आमचीही होती, आम्ही तेच मागितलं होतं.

आणि पुरानंतर मिस्त्रीकडे रांग असते. त्याचं स्वतःचं दुकानही पाण्यातून नुकतंच निघालेलं असतं. महिनाभर नंबर लागणार नाही, हे धरून चाला. म्हणून वरचं दोन दिवसांचं काम घरी आणि ओव्हरऑइल मिस्त्रीकडे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

खाडीचं पाणी

नदीचं गोडं पाणी आणि खारं पाणी यांना एका मापाने मोजू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा वाशिष्ठीच्या पुराला समुद्राची भरतीही आडवी आली होती. खाडीकाठी, मग ती रत्नागिरीकडची असो की गोव्यातली, सायकल बुडाली असेल तर ॲल्युमिनियमचं मोठेपण संपतं. मीठ ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर पोखरतं. जिथे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो तिथे पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट कायमचा अडकतो. सीटचा दांडा फ्रेममध्ये असाच रुतून बसतो. अशा सायकलीला दोन दिवस फार झाले, त्याच दिवशी गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा आणि प्रत्येक बोल्ट काढून, ग्रीस लावून परत बसवा. कार्बनच्या फ्रेमला पाण्याने काही होत नाही, तिच्यात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांना होतं.

बॅटरीवाली सायकल

इथे घरी करून बघण्यासारखं काही नाही. लिथियमची बॅटरी पाण्याखाली गेली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, घरात आणू नका. आत शॉर्ट होऊन काही दिवसांनीसुद्धा ती पेट घेऊ शकते. मोकळ्यावर, भिंतीपासून आणि गाड्यांपासून लांब ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. ‘आयपी ६७ आहे’ या भरवशावर राहू नका, त्याचा अर्थ १ मीटर खोलीत ३० मिनिटं एवढाच. पूर आठवडाभर असतो. बॅटरी नवी घेणं परवडणार नसेल, तर मोटर उतरवून ती साधी सायकल म्हणून वापरता येईल का, हे मिस्त्रीला विचारा.

सोडून कधी द्यायची?

लोखंडी फ्रेम असेल तर बीबी काढून आत टॉर्च मारून बघा. तांबूस भुकटी असेल तर चिंता नाही. पापुद्रे सुटत असतील तर जोडांजवळ स्क्रूड्रायव्हरने दाबा, पत्रा दबला तर ती फ्रेम संपली. सीटचा दांडा निघतच नसेल आणि सायकल वाढत्या वयाच्या मुलाची असेल, तरी सोडा. दुरुस्तीचा अंदाज नव्या सायकलीच्या निम्म्यावर जात असेल तर मी नवीच घेईन. वडिलांची काळी असती तर हा नियमही मोडला असता.

फ्रेम चांगली निघाली तर आतून तेलाचा हात फिरवा. त्यासाठी जवसाचं तेल उत्तम, ते वाळून आत पातळ पापुद्रा धरतं. सीटच्या नळीतून थोडं ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जास्तीचं गळू द्या. हात पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात. त्या अंगणात पसरून वाळवा, मग टाका.

ओव्हरऑइल झाल्यावर महिन्याभराने बीबी एकदा परत उघडा. आमच्या काळ्या सायकलीतून तेव्हाही चमचाभर गढूळ पाणी निघालं होतं. नळीच्या कुठल्या कोपऱ्यात राहिलं होतं कोण जाणे. छर्रे पुसले, ग्रीस बदललं आणि संध्याकाळी वडील तिच्यावरून भाजी घेऊन आले.