जीबीएस स्वॅब कल्चर, सांगलीतल्या लॅबचा अनुभव (टेस्ट दोनदा करावी लागली)

बाळंतपणाला माहेरी सांगलीला आले होते, बाळ आता सव्वा महिन्याचं झालंय म्हणून आज लिहायला बसले.

जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हे जंतू आहेत का बघायला कापसाच्या काडीने नमुना (स्वॅब) घेतात आणि लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात, त्याला कल्चर म्हणतात. माझा पहिला स्वॅब 36व्या आठवड्यात पुण्यात एका कलेक्शन सेंटरला दिलेला. तिथे फक्त योनीमार्गाचा एकच घेतला, काय शोधायचंय ते फॉर्मवर लिहिलंच नाही आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट हजर, ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढले नाहीत. आम्ही निवांत. इथल्या डॉक्टर मॅडमनी बघितला आणि म्हणाल्या, गुदद्वाराचा स्वॅब कुठाय? परत करून घे.

मग सांगलीतल्या या लॅबमध्ये गेले. जीबीएसचे जंतू आतड्यात असतात आणि तिथून पुढे योनीमार्गात येतात, आईला खाज नाही, ताप नाही, काहीच कळत नाही पण डिलिव्हरीत बाळाला लागले तर न्यूमोनिया, रक्तात इन्फेक्शन, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) इथपर्यंत जाऊ शकतं. आपल्याकडे ही टेस्ट सरसकट सगळ्यांना सांगत नाहीत, त्यामुळे नीट करणारी लॅब मिळणं खरंच मोठी गोष्ट आहे.

इथल्या ताईंनी आधी विचारलं, अँटिबायोटिक चालू आहे का, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का. मी लाजत होते तर म्हणाल्या स्वतः घेतला तरी चालतो, आणि आधी पुढून मग मागून कसं घ्यायचं ते न घाई करता समजावलं. स्वॅब मीडियाच्या (जंतू टिकवून ठेवणाऱ्या पदार्थाच्या) ट्यूबमध्ये घालून माझ्यासमोर नाव, वेळ लिहिली.

रिपोर्टला तीन दिवस लागले. आधी रात्रभर ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या पातळ द्रवात वाढवतात, मग जंतू वाढवायच्या चपट्या प्लेटवर लावतात, ब्रॉथ न करता थेट लावलं तर थोडे जंतू असले की सुटून जातात. मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमनी मला प्लेट दाखवली. लालभडक, त्यात मेंढीचं रक्त असतं म्हणे, आणि टाचणीच्या डोक्याएवढे पांढुरके ठिपके, प्रत्येकाभोवती लाल रंग उडून बारीक कड स्वच्छ झालेली. पॉझिटिव्ह! रडायलाच आलं. त्या म्हणाल्या, अगं घाबरू नको, आत्ता गोळ्या घेऊन उपयोग नाही, जंतू परत येतात, कळा सुरू झाल्या की सलाईनमधून पेनिसिलिन द्यायचं, डिलिव्हरीआधी निदान चार तास मिळायला हवेत.

पहाटे 3 ला पाणी गेलं. आईने रिपोर्ट फाईलच्या सगळ्यात वर लावून ठेवलेला, सिस्टरनी तो वाचला आणि लगेच इंजेक्शन चालू केलं. बाळ सकाळी सव्वानऊला झालं, दोन दिवस लक्ष ठेवलं, सगळं छान.

पैसे थोडे जास्त वाटले आणि बसायला जागा फार कमी आहे, नववा महिना लागलेल्या बाईला अर्धा तास उभं ठेवू नका, हे काउंटरवर सांगूनही आलेय. रविवारी बंद असतं, त्यामुळे स्वॅब शनिवारवर ढकलू नका. आणि रिपोर्ट साधारण 5 आठवडेच धरतात, फार आधी करून ठेवू नका.