एकच ट्रिप, एकच रात्र: पॅरिसचा नवा शो की हाँगकाँगचा मुरलेला?

सोलापूरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा, अजून उठायचाय, पोरांचं पाळण्यात बसायचं खूळ अजून उतरलेलं नाही, आणि तेवढ्यात साडूचा फोन. म्हणाला पैसे साठलेत, पोरांना एकदाच काय ते डिस्नी दाखवायचंय, पॅरिसला 29 मार्च 2026 ला नवीन पार्क उघडायलंय, तिथं तलावावर रात्रीचा नवा शो येतोय, हवेत ड्रोन पाण्यात ड्रोन, मे महिन्यात जाऊ का? मागून मेहुणीचा आवाज, हाँगकाँग बघा हाँगकाँग. मी म्हटलं थांब, लिहूनच पाठवतो, कारण असं विचारणारा तू पहिला नाहीस.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्या सोलापूरच्या माणसाला रात्रीच्या शोचं अप्रूप दाखवणं अवघड असतं. संक्रांतीला होम मैदानावरचं दारूकाम बघत आपण वाढलोय, बार उडाला की छातीत धप्प होतं, धूर कुठल्या बाजूला जाणार ते वारा बघून ठरवून आपण उभं राहतो, आणि तेही फुकट. त्यामुळं लाखो रुपये घालून परदेशात जाऊन वीस मिनिटं आकाश बघायचं असेल तर ते गड्ड्याच्या वरचढ असलं पाहिजे, नाहीतर पोरगं तिथंच म्हणतंय, पप्पा आपल्या इथलं भारी होतं. आमच्या धाकट्यानं सिंगापूरला हे म्हटलंय, तेव्हा हसू नका.

आता पॅरिस. डिस्नीलँड पॅरिस 1992 च्या एप्रिलमध्ये उघडलं, शेजारी 2002 ला दुसरं पार्क आलं, स्टुडिओवालं, पण ते कायम सावत्र भावासारखं राहिलं, लोक अर्ध्या दिवसात उरकून परत किल्ल्याकडं जायचे. 2018 ला दोन अब्ज युरोचं काम जाहीर झालं आणि आता तेच दुसरं पार्क डिस्नी ॲडव्हेंचर वर्ल्ड नावानं नवं होतंय. मधोमध मोठा तलाव, एका काठाला फ्रोझन सिनेमातलं गाव, आणि त्या तलावावर रात्रीचा शो, नाव डिस्नी कॅस्केड ऑफ लाइट्स. कारंजी, पाण्याच्या तुषारांवर चित्रं, वर उडणारे ड्रोन आणि खाली पाण्यावर फिरणारे ड्रोन. खरं सांगायचं तर वाचून मलाही हुरहूर लागली, ड्रोन पाण्यावर तरंगत चित्राचा भाग होतात ही आयडियाच भारी आहे. शिवाय पहिल्या पार्कात किल्ल्यावर डिस्नी टेल्स ऑफ मॅजिक हा शो जानेवारी 2025 पासून चालू आहेच, म्हणजे तो पण तसा ताजाच. एका गावात रात्रीचे दोन नवे शो.

आणि इथंच पहिली पाचर. दोन पार्क, दोन शो, पोरं दोन, रात्र एक. सकाळपासून चालून पाय दुखलेली पोरं घेऊन एका रात्रीत दोन्ही बघायचं डोक्यात ठेवू नका, एक रात्र एक शो असंच धरून चला, म्हणजे तिथं मुक्काम दोन रात्रींचा आणि तिकिटं पण दोन दिवसांची.

पण माझा खरा मुद्दा घड्याळाचा आहे आणि तो टूरवाला कधी सांगत नाही. फ्रान्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात, यंदा तो रविवार नेमका 29 मार्च, म्हणजे पार्कच्या उद्घाटनाचाच दिवस. तिथून पुढं संध्याकाळ लांबतच जाते. मेच्या मध्याला सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ दहाला. आपल्या इथं मे महिन्यात सातला दिवेलागण झालेली असते, त्या हिशोबानं डोकं चालवू नका. ड्रोनची नक्षी आणि तुषारांवरची चित्रं उजेडात दिसत नाहीत, अंधार पडावाच लागतो, म्हणजे मे-जूनमध्ये शो साडेदहाच्या आत धरू नका. आता हे पोरांच्या पोटातल्या घड्याळात मांडा. उन्हाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, तिथले रात्रीचे साडेदहा म्हणजे आपले पहाटेचे दोन. जाऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर आठ वर्षांची पोरगी तुझ्या खांद्यावर झोपलेली असणार, आणि ज्या शोसाठी एवढा खर्च केला तो तू एकटा बघणार, तोही एका हातानं मोबाईल धरून. शिवाय शो सुटल्यावर मुक्काम पॅरिस शहरात असेल तर आरईआर ए या लोकल ट्रेनच्या लाईननं चाळीसेक मिनिटं परत.

हाँगकाँगचं गणित बरोब्बर उलटं. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. शो आठ ते नऊच्या दरम्यान कधीतरी, त्या दिवशीची वेळ पार्कच्या ॲपवर बघायची. नऊ धरले तरी पोरांच्या पोटात संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात, एकदम टवटवीत. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो होतो, तेव्हा पावणेसहालाच सूर्य गेला, दिवे लागले, पोरांनी मेन स्ट्रीटवर तासभर बसून खाऊ खाल्ला आणि शोला ताठ उभी. शोचं नाव मोमेंटस, 2022 च्या जूनपासून चालू आहे, किल्ल्याच्या अंगावर प्रोजेक्शन, कारंजी, लेझर, आगीचे लोळ आणि वर दारूकाम, साधारण वीस मिनिटं. माणसाच्या आयुष्याचे टप्पे, लहानपण, मैत्री, आपलं माणूस जाणं, असं सगळं कार्टूनमधल्या प्रसंगांतून येतं. माझी बायको रडली, मी रडलो नाही, डोळ्यात धूर गेला होता.

किल्ला पण नवा आहे बरं का, पार्क 2005 चं असलं तरी जुना छोटा किल्ला वाढवून 2020 ला हा उभा केला, त्यामुळं चित्रं मोठी दिसतात. आणि पार्क लहान आहे, काही लोक याला तोटा म्हणतात, पोरं बरोबर असतील तर मी फायदा म्हणतो.

फ्रोझनचं काय? साडूच्या पोरीला त्या सिनेमातल्या एल्साचं वेड आहे, पॅरिसचं मुख्य आकर्षण तेच. पण फ्रोझनचं पूर्ण गाव जगात पहिल्यांदा हाँगकाँगलाच झालं, नोव्हेंबर 2023 मध्ये. म्हणजे तेवढ्यासाठी पॅरिस धरायची गरज उरत नाही.

कागदपत्रांचं पण बघ. फ्रान्सला शेंगेन व्हिसा, मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 च्या आतल्या पोरांना 45, म्हणजे तुमच्या चौघांचे 270 युरो, युरो आता शंभरीच्या पुढं गेलाय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस हजार नुसत्या अर्जाला, वर व्हिसा सेंटरची फी वेगळी, आणि व्हिसा नाकारला तर हे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची एक खेप, दुकान बंद ठेवून. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन प्री-अरायव्हल नोंदणी करायची, फुकट, ती पास झाली की 14 दिवस राहता येतं, कागद छापून सही करून जवळ ठेवायचा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणं टाका, आपल्याकडं वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं यावरच निम्मी घरं अडकतात.

आता नव्या शोबद्दलचा माझा स्वभावच थोडा संशयी आहे आणि त्याला कारण आहे. फ्लोरिडाच्या डिस्नीत किल्ल्यावर हॅपिली एव्हर आफ्टर नावाचा शो 2017 पासून होता, लोकांच्या गळ्यातला ताईत. पन्नास वर्षं झाली म्हणून 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तो काढून नवा आणला, लोकांनी नाकं मुरडली, आणि एप्रिल 2023 ला जुनाच परत आणावा लागला. तिथल्याच एपकॉट पार्कमध्ये तलावावरचा जुना शो वीस वर्षं चालला, 1999 ते 2019. त्याच्या जागी पुढं हार्मोनियस नावाचा शो आला, तलावात भले मोठे तराफे उभे केले, दिवसा ते बघवत नाहीत अशी ओरड झाली आणि दीड वर्षात गुंडाळला. म्हणजे नवा तलाव, नवा शो हे वाचून मला आधी ते तराफे आठवतात. पॅरिसला तसं होईल असं मी म्हणत नाही, त्यांनी तलावच शोसकट आखलाय, फ्लोरिडासारखं जुन्या पाण्यात नवं सामान घुसवलेलं नाही. पण नवीन गोष्टीची तारीख पण हलते हे लक्षात ठेवा. सिंगापूरहून निघणारी डिस्नीची नवी क्रूझ डिसेंबर 2025 ला सुटणार होती, ती मार्च 2026 वर गेली, ज्यांनी नाताळच्या सुट्टीचं बुकिंग केलं होतं त्यांचं काय झालं असेल विचार करा.

जे लोक पॅरिसजवळ राहतात, लंडन ॲमस्टरडॅमला नोकरीला आहेत, त्यांनी पहिल्या महिन्यात जावं, खुशाल जावं, वारा सुटून ड्रोन उडले नाहीत तर पुढच्या शनिवारी परत येतील. सोलापूरहून जाणाऱ्याला पुढचा शनिवार नसतो. वारा, पाऊस, तांत्रिक बिघाड, काहीही झालं की तुमची रात्र गेली. ड्रोनला वाऱ्याचं वावडं जास्त, दारूकामाला पण आहे, पण दारूकाम रद्द झालं तरी किल्ल्यावरची चित्रं आणि कारंजी उरतात. तलावावर ड्रोनच गेले तर किती उरेल, हे शो वर्षभर चालल्यावर कळेल.

सिंगापूरचं दोन ओळीत सांगतो, कारण सोबतच्या ग्रुपमध्ये कोणीतरी ते काढणारच. सेंटोसा बेटावरचा विंग्ज ऑफ टाइम हा शो 2014 पासून आहे, समुद्रात उभे केलेले पडदे, पाणी, लेझर, शेवटी थोडं दारूकाम, रोज दोन खेळ, सात चाळीस आणि आठ चाळीसचा, तिकीट वेगळं. बरा आहे, पण त्याच्यासाठी म्हणून जावं असा नाही, आमच्या धाकट्याचं मघाचं वाक्य इथलंच. त्यापेक्षा गार्डन्स बाय द बेच्या झाडांवरचा लाइट शो फुकट आहे, पावणेआठ आणि पावणेनऊला, खाली जमिनीवर आडवं पडून बघायचा, तो मात्र डोक्यात राहिला. आम्हाला टूरवाल्यानं तिथं उभ्या उभ्या पाच मिनिटं दाखवून बसमध्ये कोंबलं होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे परत गेलो.

आणि बजेटच नसेल तर आपला हायवे आहेच. सोलापूर मधोमध, एका टोकाला पुण्याच्या पुढं खोपोलीचं इमॅजिका, दुसऱ्या टोकाला हैदराबादच्या पलीकडं रामोजी फिल्म सिटी, दोन्ही इथून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. नायट्रोसारखी रोलर कोस्टर राइड हवी तर इमॅजिका, पण रात्रीच्या रोषणाईसाठी जायचं तर रामोजी, तेही सुट्ट्यांच्या कार्निवलच्या दिवसांत, एरवी संध्याकाळी सगळं आवरतं घेतात. याची डिस्नीशी तुलना करू नका, पोरं करत नाहीत, आपणच करतो.

तर साडू, मे महिन्यात पॅरिस नको. मेमध्ये हाँगकाँगला पण नको, तिथं तेव्हा धो धो पाऊस आणि दमट हवा, पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत वादळांची भीती. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, ते घरी करा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघा. हाँगकाँग, पार्कात दोन दिवस, म्हणजे एका रात्री शो हुकला तर दुसरी रात्र हातात. मेहुणी बरोबर आहे, तिला हे माझ्या तोंडून कळू देऊ नकोस.

पॅरिसवरच जीव अडकला असेल तर मग तेही दिवाळीतच जा. नोव्हेंबरात तिथं सव्वापाचलाच सूर्य मावळतो, अंधारासाठी साडेदहापर्यंत ताटकळायला नको, थंडी वाजेल पण पोरं जागी राहतील, आणि शोला तोवर सात-आठ महिने झालेले असतील, काय जमतंय काय नाही हे त्यांनाही कळलेलं असेल. फक्त तलावाच्या काठाला उभं राहताना वारा बघ, गड्ड्यावर बघतोस तसा. तुषार अंगावर आले तर नोव्हेंबरच्या थंडीत पोरं काकडतील आणि एल्सा राहील बाजूला.

एवढं सगळं लिहून पाठवलं तर त्याचा उलट मेसेज एकच, तिकडं शाकाहारी मिळतं का. म्हटलं मिळतं, शोधावं लागतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घे, आठ दिवस काही होत नाही तिला.